अंदालुसिया : ऊन भरपूर, पाण्याची मात्र पाळी

उन्हाळी_पाहुणा :

युरोपातले लोक ऊन खायला जिथे जातात तो हा प्रांत. लंडन-हँबर्गहून विमानं भरभरून मालागाला उतरतात, माणसं आठवडाभर वाळूत लोळतात आणि लालबुंद होऊन घरी जातात. मी नोकरीमुळे ग्रानादात राहतो. इथली गावातली माणसं उन्हाबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ती पाण्याबद्दल : यंदा डोंगरावर बर्फ किती पडला, धरण किती टक्के भरलं, आज पाळी कुणाची. म्हटलं, सहलीच्या धाग्यांत जे येत नाही ते जरा लिहावं.

अंदालुसिया म्हणजे स्पेनचा दक्षिणेकडचा प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ८७ हजार चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त. लोकसंख्या ८५ लाखांच्या आसपास. उत्तरेला सिएरा मोरेनाचे बुटके डोंगर, मध्ये ग्वादालकिविर नदीचं (लांबी ६५७ किमी) सपाट सुपीक खोरं, दक्षिणेला बेटिक डोंगररांगा आणि त्यापलीकडे लगेच समुद्र. या रांगांतच सिएरा नेवाडा. त्यातलं मुलासेन हे शिखर ३,४७९ मीटर उंच, आणि तिथून भूमध्य समुद्र सरळ रेषेत ४० किमीच्या आत. वर बर्फ, खाली आंब्याच्या बागा. आंब्याचं पुढे कुणी विचारलं तर सांगतो.

हे खोरं नैऋत्येला, अटलांटिकच्या बाजूला उघडं आहे. हिवाळ्यात तिकडून येणारे ओले वारे पहिल्या उंच डोंगराला धडकतात आणि ग्रासालेमा गावावर वर्षाला २,००० मिमीच्या आसपास पाऊस पाडून मोकळे होतात. तिथून पूर्वेला तीनशे किलोमीटरच्या आत काबो दे गाता हे टोक आहे. तिथे २०० मिमीसुद्धा पडत नाही. सगळे डोंगर मध्ये आडवे. आपल्या महाबळेश्वर आणि माणदेशाचंच गणित, फक्त पावसाचा मोसम उलटा.

खरी गोम त्या उलट्या मोसमातच आहे. उन्हाळ्यात अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळचा हवेच्या जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकतो आणि अटलांटिकच्या वादळांना दारातूनच परत पाठवतो. जून ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे पीक थंडीनं आखडलेलं असतं तेव्हा. आपल्याकडे खरिपाला ऊब आणि पाणी एकदम मिळतं. इथे ऊब असते तेव्हा पाणी नाही, पाणी असतं तेव्हा ऊब नाही. ऑलिव्ह, द्राक्ष, बदाम ही झाडं या तऱ्हेला सरावलेली. पण भाजीपाला, फळं, मका हवा असेल तर हिवाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत कुठेतरी थोपवून धरायला हवं.

सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावर, आल्पुहारा भागात, हे काम धरणाविना शेकडो वर्षं चाललं आहे. डोंगराच्या कडेकडेनं, समपातळीला धरून मातीचे पाट खोदलेले आहेत. त्यांना असेकिया म्हणतात. यातले काही पाट शेतात जातच नाहीत! वसंतात बर्फ वितळू लागला की ओढ्याचं पाणी या वरच्या पाटांत वळवायचं आणि खडक जिथे झिजून भुसभुशीत झालाय तिथे नेऊन सोडून द्यायचं. पाणी जमिनीत शिरतं, हळूहळू उताराच्या पोटातून सरकतं आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खालच्या गावाच्या झऱ्यांतून बाहेर येतं. तोवर जुलै उजाडलेला असतो. ओढ्यानं ते पाणी सरळ खाली गेलं असतं तर कधीच समुद्राला मिळालं असतं.

मे महिन्यात एका पाटाच्या तोंडाशी पाटकऱ्याला काम करताना पाहिलं. हातात फावडं. ओढ्यात चपट्या दगडांचा गुडघाभर बांध. दोन दगड हलवले, गवतासकट मातीची ढेकळं उचलून फटींत कोंबली, पायानं दाबली. पाच मिनिटांत अर्धा ओढा पाटात. सिमेंट नाही, लोखंडी फळी नाही. मोठा पूर आला तर बांध आपसूक वाहून जातो आणि पाट वाचतो.

इतिहास, उन्हाळा, ऑलिव्ह यांवर प्रतिसादांत बोलूच.

खानदेशी_पाटील :

भाऊ, हे वाचून आमची पांझरा आठवली. धुळे-नाशिककडे फड पद्धत अशीच : नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, फिरत्या राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. तिकडे पाळी कोण ठरवतं? भांडणं होतात का? नसतील होत तर मी मानणार नाही.

उन्हाळी_पाहुणा :

पाटीलभाऊ, भांडणं नसतील तर पाणी पुरेसं आहे असं समजायचं :) पाणीवापरदारांचा संघ असतो, त्याची दरवर्षी सभा होते, सभेत पाटकरी नेमतात आणि पाटाची साफसफाई ठरते. पाळी तासांवर. काही ठिकाणी दिवसाचं पाणी एका गावाला, रात्रीचं खालच्या गावाला. तासांचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. जमीन विकली की तास तिच्याबरोबर जातात.

याची लेखी नोंद जुनी आहे. १५७० च्या दशकात या गावांमध्ये नवे लोक वसवले गेले. तेव्हा सरकारी माणसांनी गावोगाव फिरून घरं, झाडं, शेतं आणि पाण्याच्या पाळ्या वहीत उतरवल्या. त्या वह्या आजही वादात काढल्या जातात. नवे लोक का वसवावे लागले, ते कुणीतरी इतिहासवाल्यानं सांगा.

इतिहासाचा_कीडा :

हाक मारलीत, आलो.

कादिस हे फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं बंदर, पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी. मग रोमन आले आणि प्रांताचं नाव पडलं बेटिका. सम्राट त्राजन इथल्या इटालिकाचा, हेड्रियनचं घराणंही तिथलंच. तत्त्ववेत्ता सेनेका कोर्दोबाचा. रोम शहरात मॉन्टे टेस्टाचो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती सगळी फुटक्या तेलकुंभांची! बहुतेक कुंभ बेटिकातून ऑलिव्ह तेल घेऊन गेलेले. म्हणजे हा प्रांत तेलावर दोन हजार वर्षं जगतोय.

७११ मध्ये तारिक या मुस्लिम सेनापतीची फौज उत्तर आफ्रिकेतून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आली. ९२९ मध्ये तिसऱ्या अब्द अल-रहमाननं कोर्दोबात खिलाफत जाहीर केली, १०३१ मध्ये ती मोडली आणि तुकड्या-तुकड्यांची राज्यं झाली. उत्तरेकडच्या ख्रिस्ती राजांनी १२३६ मध्ये कोर्दोबा घेतलं, १२४८ मध्ये सेव्हिल. ग्रानादा मात्र आणखी अडीचशे वर्षं टिकलं, कारण पाठीशी सिएरा नेवाडा आणि पायाशी समुद्र. २ जानेवारी १४९२ ला तेही पडलं.

पराभूत मुसलमानांना आधी धर्म पाळायची मुभा होती, ती पुढे काढून घेतली. बाप्तिस्मा घ्या नाहीतर निघा. बाप्तिस्मा घेतलेल्यांना मोरिस्को म्हणत. भाषा, पोशाख, न्हाणीघरं यांवरही बंदी आल्यावर १५६८ च्या नाताळात आल्पुहारात उठाव झाला. तो १५७१ पर्यंत चालला. मोरिस्कोंना उचलून कास्तियाभर (स्पेनच्या मधल्या भागात) विखरून टाकलं आणि १६०९ ते १६१४ मध्ये स्पेनबाहेरच घालवलं. रिकाम्या गावांत उत्तरेकडून शेतकरी आणले, त्याच या वह्या. पाट कसे चालवायचे हे नव्यांना दाखवायला दर गावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवली होती असं सांगतात.

सरळ_बोलतो :

अरबांनी हे आणलं, अरबांनी ते आणलं, हे नेहमी ऐकू येणारं कौतुक जरा अती होतं. कीडासाहेबांनी स्वतःच सांगितलं की आधी रोमन होते. त्यांनी नळ-कालवे बांधले नव्हते का? आणि ते 'तीन धर्म गुण्यागोविंदानं नांदले' हे पर्यटन खात्याचं गोड प्रकरण आहे. १०६६ मध्ये ग्रानादात ज्यूंची कत्तल झाली.

इतिहासाचा_कीडा :

झाली, खरं आहे. आणि मोरोक्कोतून अल्मोहाद ही कडवी मुस्लिम राजवट आल्यावर ज्यू तत्त्ववेत्ता मायमोनिडीसच्या कुटुंबाला कोर्दोबा सोडावं लागलं. तसंच, १४९२ मध्ये ग्रानादा घेतल्यावर काही महिन्यांतच कॅथलिक राजांनी सगळ्या ज्यूंना हाकललं. कुणाच्याच गळ्यात हार घालायचं कारण नाही.

पाण्याचं मात्र वेगळं. रोमनांचे दगडी जलमार्ग मुख्यतः शहरांसाठी : न्हाणीघरं, कारंजी, घरं. उन्हाळी शेतीसाठी डोंगरभर पाटांचं जाळं पसरलं ते अरब आणि (उत्तर आफ्रिकेतल्या) बर्बर लोकांच्या वस्तीत, कारण त्यांच्याबरोबर आलेली पिकं उन्हाळ्यात पाणी मागणारी होती : ऊस, भात, वांगी, लिंबूवर्गीय फळं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामनं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कलमं, खतं, पाणी, माती सगळं आहे. आधीचे पाट त्यांनी वापरले नसतील असं नाही. पण आजच्या जाळ्याचा बहुतेक सांगाडा त्या काळातला.

कोल्हापूरकर_रांगडा :

ऊस म्हटल्यावर आमचे कान टवकारले. तिकडं अजून होतो का ऊस?

उन्हाळी_पाहुणा :

संपला, राव. मोत्रिलच्या किनाऱ्यावर जवळजवळ हजार वर्षं ऊस होता. शेवटचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. भारताकडून इराण, तिथून अरब, तिथून इथे, पुढे कॅनरी बेटांवर आणि १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत अमेरिकेला, असा ऊसाचा प्रवास. मग कॅरिबियनमध्ये गुलामांच्या घामावर तो इतका स्वस्त पिकला की मोत्रिल मागे पडलं.

आता त्याच पट्ट्यात सीताफळाचा भाऊबंद चिरिमोया, अव्होकाडो आणि आंबा. उत्तरेच्या थंड वाऱ्यांना सिएरा नेवाडा अडवते, त्यामुळे किनाऱ्यावर पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. आंबा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतो. हापूसवाल्यांनी खाऊन नाक मुरडावं असाच, पण ऑक्टोबरात आमरस मिळतो हे काय कमी आहे! अडचण पाण्याची. मालागाजवळच्या ला विन्युएला धरणात दुष्काळात १० टक्क्यांहूनही कमी साठा उरला होता, तेव्हा अव्होकाडोवाल्यांनी झाडं छाटून नुसते खुंट राखले. पाणी मागणारं झाड कोरड्या जागी लावलं की असंच होणार, हे माझं मत.

मीनल_म्युनिक :

आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च काकडी, ढोबळी मिरची, टोमॅटो, सगळ्यांवर स्पेनचा शिक्का. विमानातून जाताना एकदा खाली पांढरंफटक काहीतरी दिसलं, आधी मिठागर वाटलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, अल्मेरियाची ग्रीनहाउसं. खरंच एवढी आहेत?

उन्हाळी_पाहुणा :

मीनलताई, ३० हजार हेक्टरांहून जास्त. अल्मेरियाच्या पश्चिमेचं दालियास मैदान आधी ओसाड माळ होतं, शेळ्या चारायचे. विसाव्या शतकाच्या मध्यात सरकारनं विहिरी खोदून शेतकरी वसवले, १९६० च्या दशकात प्लॅस्टिक आलं आणि बघता बघता माळ झाकला गेला. पाऊस नाही पण ऊन वर्षभर, म्हणजे हिवाळ्यात हीटर लावायला नको. डच लोक गॅस जाळून जे पिकवतात ते इथे आभाळ फुकट पिकवतं.

पॉलीहाऊस_जुन्नर :

साहेब, स्ट्रक्चर कसलं असतं? आमच्यासारखं कमानीचं? आणि माती? क्षारपड नाही होत?

उन्हाळी_पाहुणा :

जुनी घरं सपाट माथ्याची. तिकडे द्राक्षांसाठी तारांचा मांडव घालायची पद्धत होती, त्याच मांडवावर दुहेरी तारेच्या जाळीत प्लॅस्टिक दाबून बसवलं. पाऊसच नाही, तर उतार कशाला हवा! नवी घरं आता कमानीची होताहेत.

मातीची युक्ती बघण्यासारखी आहे. खाली चिकणमातीचा थर बाहेरून आणून पसरतात, त्यावर शेणखत, आणि सगळ्यांत वर चार बोटं जाडीची वाळू. रोप वाळूतून खताच्या थरात मुळं सोडतं. वाळूमुळे ओल उडत नाही आणि वर चढणारे क्षार रोखले जातात. विहिरीचं पाणी मचूळ असूनही टोमॅटो येतो तो यामुळे. काही वर्षांनी वाळू बाजूला ओढून नवं खत घालायचं आणि वाळू परत पसरायची. उन्हाळ्यात प्लॅस्टिकवर चुन्याचं पांढरं पाणी फवारतात, आतली तलखी कमी होते. एवढा पांढरा पृष्ठभाग इतकं ऊन परतवतो की आसपास तापमान वाढत असताना या पट्ट्यातलं काही दशकं किंचित उतरलं, असं अल्मेरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं.

पॉलीहाऊस_जुन्नर :

वाळू?? एकरभर?? राहू द्या. आमच्याकडे वाळूचा डंपर मागवायचा तर रात्री दोनला मागवावा लागतो.

मीनल_म्युनिक :

आणि तिथे काम कोण करतं? इथे कधीमधी टीव्हीवर दाखवतात, प्लॅस्टिक आणि फळ्यांच्या झोपड्यांत राहणारे मजूर.

उन्हाळी_पाहुणा :

मोरोक्कोचे, सेनेगल-मालीचे, रुमानियाचे. चाळीस अंशांत प्लॅस्टिकखाली. कागदपत्रं नसलेल्यांना मिळेल ती मजुरी. फेब्रुवारी २००० मध्ये एल एहिदो गावात मोरोक्कन मजुरांवर दंगल झाली, दुकानं-घरं जाळली. आणि भूजलात समुद्राचं खारं पाणी शिरतंय, आता समुद्राचं पाणी गोडं करून द्यावं लागतं. स्वस्त काकडीच्या हिशेबात हे धरलं जात नाही.

वऱ्हाडी_ठेचा :

आमी नागपूरचे. ऊन-ऊन काय करून राह्यले बे? ४५ ला आमी लग्नात नाचतो.

उन्हाळी_पाहुणा :

हा हा, नाचा! पण हेही ऐका : १४ ऑगस्ट २०२१ ला कोर्दोबाजवळच्या ला रांब्लात ४७.६ अंश नोंदले गेले, स्पेनचा अधिकृत उच्चांक. तुमच्याकडे जूनमध्ये मृग येऊन सुटका करतो. इथे जून ही सुरुवात. सेव्हिलनं तर उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावं द्यायला सुरुवात केली. जुलै २०२२ मध्ये पहिलं नाव दिलं 'झोए'.

जुनी सोय मात्र सुरेख आहे. सेव्हिलच्या बाजारगल्ल्यांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कनाती ताणतात. घरं चुन्यानं पांढरी, रस्त्याकडे खिडक्या लहान, मध्ये चौक, चौकात कुंड्या आणि हौद. सकाळी सगळं बंद करून घ्यायचं, रात्री सगळं उघडायचं. वाड्यात वाढलेल्याला नवीन काही नाही. जेवण रात्री दहाला, कारण जूनमध्ये सूर्यच साडेनऊनंतर मावळतो. स्पेन १९४० पासून मध्य युरोपाच्या घड्याळावर चालतो. वर आफ्रिकेची धूळ वेगळी. मार्च २०२२ मध्ये सहारातून इतकी आली की आकाश नारिंगी झालं आणि पांढरी गावं विटकरी दिसू लागली.

सरळ_बोलतो :

तेलाचं कुणी बोलेना. ऑलिव्ह तेल मध्यंतरी एवढं कसं महागलं?

उन्हाळी_पाहुणा :

दुष्काळ. एकट्या हाएन जिल्ह्यात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं. रस्त्यानं दीड तास गाडी चालवा, डोंगरावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी तीच. २०२१-२२ ला स्पेनचं उत्पादन सुमारे १५ लाख टन होतं, पुढच्या हंगामात ते साडेसहा लाखांच्या आसपास आलं. पाऊस कमी, आणि वर मे महिन्यात मोहोर असतानाच उष्णतेची लाट, मोहोर करपला. दुकानांत तेलाच्या बाटल्यांना चोरीविरोधी चिमटे लागले, दारूच्या बाटल्यांसारखे. शिवाय एकच पीक. हाएनमध्ये ऑलिव्ह गेला की गावाच्या हाताला कामच नाही.

पश्चिमेला दोन्यानाच्या पाणथळ राष्ट्रीय उद्यानाचं दुखणं निराळं. शेजारी स्ट्रॉबेरीची शेतं, त्यांत चोरून खोदलेल्या विहिरी. जून २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयानं स्पेनला दोषी धरलं. उद्यानातलं सांता ओलाया तळं बारमाही समजलं जायचं, ते २०२२ च्या ऑगस्टअखेर आटलं.

फिरस्ती_मावशी :

आम्ही पन्नाशीपुढच्या चौघी जाणार आहोत. कधी जावं? ग्रानादाचा अल्हाम्ब्रा महाल सोडून काय पाहू?

उन्हाळी_पाहुणा :

मावशी, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल-कोर्दोबा नकोच. अल्हाम्ब्राची तिकिटं आधीच काढा, ऐनवेळी मिळत नाहीत. आत गेल्यावर नक्षीबरोबर पायाखालीही बघा : पायऱ्यांच्या कठड्यांतून, फरशीच्या चिरांतून पाणी वाहतं. ते सहाएक किलोमीटर वरून, दारो नदीतून, तेराव्या शतकात काढलेल्या राजपाटानं येतं. मग दोन दिवस आल्पुहाराला द्या. पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही एकाच दरीतली तीन गावं. घरांची धाबी सपाट, त्यांवर लाउना नावाची राखाडी चिकणमाती, मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरासारखी. चढ आहेत, गुडघ्यांचा विचार करून बूट घ्या.

खानदेशी_पाटील :

मूळ विषयावर येतो. आमच्याकडे मातीचे पाट गेले, काही ठिकाणी अस्तर आलं, काही ठिकाणी पाईप. इंजिनिअर म्हणतात गळती थांबली. पण काठच्या विहिरींचं पाणी खाली गेलं. तिकडे पाईप नाही घातले?

उन्हाळी_पाहुणा :

घातले ना. 'आधुनिकीकरण' म्हणून अनुदान मिळतं. पाईप घातलेल्या पाटाच्या काठची चेस्टनटची जुनी झाडं वाळू लागतात, आणि खालचा एखादा झरा उन्हाळ्यात बंद होतो. ठिबकवाला खूष, झऱ्यावर गुरं पाजणारा नाराज. दोघं एकाच सभेत बसतात.

दुसरीकडे ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ होसे मारिया मार्तिन सिवांतोस आणि त्यांचे सहकारी २०१४ पासून उलटं काम करताहेत. कान्यार गावापासून सुरुवात केली. शेती सोडून लोक शहरांत गेले तसे पाट बुजले; विद्यार्थी, स्वयंसेवक आणि गावातली म्हातारी माणसं मिळून ते परत उकरतात. कुदळ-फावड्याला माणसं मिळतात. अडतं पुढे : वर्षभर पाटावर फिरणारा पाटकरी हवा, आणि त्याचा पगार वीस-पंचवीस घरांच्या वर्गणीतून निघत नाही.

खानदेशी_पाटील :

आमच्याकडे पाटकऱ्याला पूर्वी धान्य मिळायचं, हंगामाला. आता कोण देतो. त्या संघाच्या सभेत मताला जमीन धरतात की माणूस?

उन्हाळी_पाहुणा :

बहुतेक ठिकाणी जमीन. ज्याचं क्षेत्र जास्त, त्याची मतं जास्त. मात्र एका माणसाकडे निम्मी मतं जाऊ द्यायची नाहीत अशी कायद्यात अट आहे. म्हणून पाईपचा ठराव मोठ्या बागाईतदाराच्या बाजूनं झुकतो, पण त्याला एकट्याला पास करता येत नाही. दहा-बारा घरं तरी बरोबर घ्यावीच लागतात.

खानदेशी_पाटील :

दहा-बारा घरं फोडायला कितीसा वेळ लागतो, भाऊ.